ख्वाजा बंदेनवाज : तख्ताला आशीर्वाद देणारे फकीर

मादन हिप्परगा, आळंद, उमरगा, अक्कलकोट या सीमेवरच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत काही नावे लहानपणापासून कानावर पडतात. गाणगापूरचे दत्तमहाराज, अक्कलकोटचे स्वामी, तुळजापूरची भवानी आणि त्याच ओळीत, कसलाही वेगळा विचार न करता, गुलबर्ग्याचे बंदेनवाज. पोर आजारी पडले, कोर्टाची तारीख लागली, मुलीचे लग्न जमेना, की घरातले कोणीतरी दर्ग्याला नारळ-फुलांची चादर बोलते. उरुसाच्या दिवसांत आमच्याकडून गुलबर्ग्याला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

पण नवस बोलणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना या महापुरुषाचे चरित्र ठाऊक आहे? आम्हालाही बरीच वर्षे नव्हते. पीर म्हणजे जगापासून दूर, झाडाखाली बसलेला फकीर, एवढीच आमची समजूत. वाचत गेलो तसे कळले, की बंदेनवाजांचे आयुष्य दिल्ली आणि दख्खनच्या मोठ्या राजकारणाला अगदी खेटून गेलेले आहे. राजगादीवर कोणी बसावे, या प्रश्नात त्यांचा शब्द वजनदार ठरला आणि त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

सय्यद मुहम्मद हुसैनी हे त्यांचे मूळ नाव. जन्म दिल्लीचा, सन १३२१ चा. ते सहा-सात वर्षांचे असतील तेव्हा महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद असे नाव देऊन तिथे राजधानी नेण्याचे ठरवले. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा धडा वेडा महंमद म्हणून येतो. पण त्या हुकमाने दिल्लीची शेकडो विद्वान आणि सूफी घराणी दख्खनेत आली, ही गोष्ट धड्यात नीट येत नाही. मुहम्मदचे वडीलही कुटुंबाला घेऊन दौलताबादला आले. काही वर्षांतच ते तिथे वारले. त्यांची कबर खुलताबादेत आहे. वेरूळला जाताना आपण जे खुलताबाद ओलांडतो, तेच. म्हणजे बंदेनवाजांचे बालपण आपल्या मराठी मुलखात, देवगिरीच्या सावलीत गेले.

वडिलांच्या मागे आईने मुलांना घेऊन पुन्हा दिल्ली गाठली. मुहम्मद तेव्हा पंधराएक वर्षांचे होते. दिल्लीत त्यांना गुरू भेटले ते शेख नसिरुद्दीन. दिल्लीचा दिवा या अर्थाने लोक त्यांना चिराग-ए-दिल्ली म्हणत. आजही दिल्लीच्या एका वस्तीला त्यांचे नाव आहे. हे नसिरुद्दीन हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. ही परंपरा चिश्ती सूफींची.

गेसूदराज या नावाची कथा याच काळातली सांगतात. गेसू म्हणजे केस, दराज म्हणजे लांब. गुरूंची पालखी शिष्य खांद्यावरून नेत होते. तरुण मुहम्मदचे लांब केस पालखीच्या खुरात अडकले. थांबून ते सोडवायचे तर पालखी थांबवावी लागेल, गुरूंना तसदी होईल, म्हणून केस ओढले जात असताना तो तसाच मुकाट्याने चालत राहिला. गुरूंना हे कळले तेव्हा त्यांनी प्रेमाने त्याला गेसूदराज म्हटले आणि तेच नाव कायमचे चिकटले. बंदेनवाज, म्हणजे दासांवर कृपा करणारा, हे लोकांनी पुढे दिलेले नाव.

चिश्तींचा एक कडक नेम होता. राजदरबाराच्या आश्रयाला जायचे नाही, राजाची नोकरी किंवा जहागीर घ्यायची नाही. निजामुद्दीन औलियांविषयी अशी आठवण सांगतात, की सुलतान भेटायला येणार असे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला होता, आपल्या घराला दोन दरवाजे आहेत, सुलतान एकातून आत आला तर आपण दुसऱ्यातून बाहेर जाऊ. नसिरुद्दीन यांनाही महंमद तुघलकाचा जाच सोसावा लागला, कारण सुलतानाला सूफींनी दरबाराच्या कामी यावे असे वाटे. अशा गुरूच्या हाताखाली गेसूदराज घडले. १३५६ साली गुरू वारले आणि गेसूदराज त्यांच्या मागे दिल्लीत उपदेश करू लागले. त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ ते दिल्लीतच होते. लग्न, मुलेबाळे, शिष्य, ग्रंथलेखन, सारे तिथेच झाले. एखाद्याचे आयुष्य एवढ्यावर पूर्ण झाले असते.

पण डिसेंबर १३९८ मध्ये तैमूरलंग दिल्लीवर चालून आला. शहराची जी कत्तल झाली ती इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास, वयाच्या ७७ व्या वर्षी, गेसूदराजांनी कुटुंब आणि काही शिष्य बरोबर घेऊन दिल्ली सोडली. ग्वाल्हेरकडून गुजरातेत आणि तिथून ते दौलताबादेच्या बाजूला आले. बालपणी जिथे वडिलांना माती दिली होती त्या कबरीचे दर्शन साठ-पासष्ट वर्षांनी घ्यावे, ही ओढ त्यामागे असावी. तिथूनच पुढे त्यांचे पाऊल गुलबर्ग्याकडे वळले. तिथला बहमनी सुलतान फिरोजशहा त्यांच्या स्वागताला उत्सुक होता.

राजाला फकिराची एवढी गरज का पडावी? बहमनी राज्य तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांचे होते. १३४७ साली दौलताबादेत हसन नावाच्या सरदाराने तुघलकांविरुद्ध उठून स्वतःला सुलतान म्हणवले आणि गुलबर्गा राजधानी केली. हसन कोणा राजघराण्यातला नव्हता. तलवारीने गादी मिळाली, पण ती आपल्यालाच का, याला लोकांपुढे उत्तर हवे होते. मग एक कथा प्रचलित झाली. हसन गरिबीत दिल्लीला असताना निजामुद्दीन औलियांच्या दाराशी गेला होता. औलियांनी बोटाच्या टोकावर भाकरीचा तुकडा धरून त्याला दिला आणि हेच तुझे दख्खनचे छत्र असे सुचवले. म्हणजे छत्र तलवारीने मिळाले तरी त्यावर संताची मोहर हवीच.

ही मोहर नाकारणारेही होते. हसनचा मुलगा मुहम्मदशहा याने साऱ्या शेखांकडून आपल्या राज्याला मान्यता मागितली. दौलताबादचे शेख झैनुद्दीन यांनी ती दिली नाही. मद्य पिणाऱ्या सुलतानाला मान्यता कशी द्यावी, हा त्यांचा आक्षेप. सुलतानाने त्यांना शहर सोडण्याचा हुकूम दिला. शेख उठले, आपल्या गुरूंच्या, बुऱ्हानुद्दीन यांच्या कबरीपाशी गेले, काठी जमिनीत रोवली आणि तिथेच बसले. त्यांना तिथून उठवण्याचे धाडस कोणाला झाले नाही. अखेर सुलतान नमला आणि राज्यातली दारूची दुकाने बंद झाली. ही हकिकत गेसूदराज येण्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षांची. गुलबर्ग्याच्या दरबारात ती सर्वांना माहीत असणार.

ही गोष्ट केवळ आपल्या मुलखापुरती नाही. युरोपात आजच्या फ्रान्सच्या भूमीवर फ्रँक लोकांचे राज्य उभे राहिले तेव्हा तिथेही हाच प्रकार होता. सन ५०० च्या आसपास त्यांचा राजा क्लोव्हिस याला रेमी नावाच्या बिशपने ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली आणि राजाला प्रजेच्या मनात जागा मिळाली. तिथले बिशप बहुधा बड्या घराण्यांतले असत. शहराचा कारभार, धान्याची सोय, तंटेबखेडे त्यांच्याकडे येत. राजाला त्यांचे सहाय्य हवे असे आणि त्यांची भीतीही वाटे. रुआँ शहराच्या प्रेतेक्स्तातुस या बिशपने राजाविरुद्ध उठलेल्या राजपुत्राची बाजू घेतली असा आरोप आला आणि ५७७ साली पॅरिसमध्ये त्याची चौकशी होऊन त्याला हद्दपार केले गेले. काही वर्षांनी तो परतला, पण पुढे त्याच्याच चर्चमध्ये त्याचा खून झाला. आणखी एक गंमत अशी, की या फ्रँक राजांच्या राजेपणाची खूण म्हणजे लांब केस. ७५१ साली त्यांच्यातल्या शेवटच्या राजाचे केस कापून त्याला मठात बसवले आणि नव्या राजाला धर्मगुरूंनी पवित्र तेल लावून गादीवर आणले. तिकडे लांब केस राजाचे होते, इकडे ते फकिराचे. बिशप आणि सूफी यांत एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. राजाच्या संमतीवाचून बिशप होणे कठीण. सूफीला कोणी नेमत नाही. त्याला लोकच मोठा करतात. म्हणून राजाला त्याची बदली करता येते, पण त्याला पदावरून काढता येत नाही.

तर अशा मुलखात, पंधराव्या शतकाच्या आरंभी, ऐंशीच्या घरातले गेसूदराज गुलबर्ग्याला आले. सुलतान फिरोजशहाने त्यांचे थाटात स्वागत केले. किल्ल्याच्या जवळच त्यांची खानकाह, म्हणजे मठ, सुरू झाली. रोज शिष्य जमत, पाठ चाले, गोरगरिबांना जेवण मिळे, सूफी संगीताच्या बैठका होत. सरदारांपासून शिपायांपर्यंत आणि व्यापाऱ्यांपासून बायाबापड्यांपर्यंत सगळे येत.

गेसूदराज धर्माच्या बाबतीत कडक होते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आज आपण त्यांना सर्वांचा पीर म्हणतो, पण ते स्वतः आपल्या शास्त्राचे कट्टर अनुयायी होते आणि सूफींतल्याही मोकळ्या मतांवर टीका करीत. आपण संस्कृत आणि हिंदूंच्या पुराणकथा शिकलो, ते ब्राह्मण पंडितांशी वाद करता यावा म्हणून, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. म्हणजे आपली पुराणे त्यांनी वाचली होती, ती प्रेमाने नव्हे तर वादासाठी. तरीही लोक जात-धर्म न पाहता त्यांच्याकडे जाऊ लागले. लोकांना त्यांचे शास्त्र कळत नव्हते, दारातले अन्न आणि दुखल्या माणसावरचा हात कळत होता.

फिरोजशहा साधा सुलतान नव्हता. बहमनी घराण्यात त्याच्याइतका विद्याव्यासंगी दुसरा झाला नाही. त्याला अनेक भाषा येत. गणित, भूमिती, तर्कशास्त्र यांची त्याला गोडी होती आणि राज्यकारभारातून वेळ काढून तो स्वतः विद्यार्थ्यांना शिकवी. दौलताबादेत ग्रहतारे पाहण्यासाठी वेधशाळा बांधायला त्याने सुरुवात केली. भीमेच्या काठी फिरोजाबाद हे नवे नगर वसवले. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. अशा माणसाने शेखांशी शास्त्रचर्चा केली आणि त्याचा अपेक्षाभंग झाला. शेखांची भक्ती थोर असेल, पण लौकिक विद्येत ते आपल्या तोलाचे नाहीत, असे त्याचे मत झाले आणि त्याचे येणे-जाणे कमी झाले.

त्याचा भाऊ अहमदखान मात्र उलट स्वभावाचा. तो खानकाहत बसे, संगीत ऐके, खर्चाला पैसा देई, शेखांपुढे नम्रपणे वागे. ही केवळ भक्ती होती की पुढचा हिशेबही होता? दोन्ही असावे. माणसाच्या मनात भक्ती आणि हिशेब बहुतेक वेळा शेजारी-शेजारीच राहतात.

ठिणगी पडली ती वारसाच्या प्रश्नावरून. १४१५ च्या सुमारास फिरोजशहाने आपला मुलगा हसनखान याला वारस ठरवले आणि त्याच्यासाठी शेखांचा आशीर्वाद मागितला. सुलतानाने ज्याला नेमले त्याला फकिराच्या आशीर्वादाची काय गरज, अशा अर्थाचे उत्तर प्रथम गेले. सुलतानाने पुन्हा आग्रह धरला. तेव्हा शेखांनी सांगून टाकले, की तख्त अहमदखानाच्या नशिबी लिहिलेले आहे.

विचार करा, भरल्या राजधानीत, किल्ल्याच्या सावलीत बसून, जिवंत सुलतानाच्या मुलाला नाकारून त्याच्या भावाचे नाव घेणे ही किती मोठी गोष्ट होती. गुरूंच्या नेमाप्रमाणे त्यांना गप्प बसता आले असते. वारसाच्या भांडणात न पडण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही. तसा खोटा आशीर्वाद देऊन सुलतानाची मर्जी राखण्याचा मार्गही मोकळा होता. तोही त्यांनी घेतला नाही.

लगेच हुकूम आला. खानकाह किल्ल्याला फार जवळ आहे, शिष्यांची गर्दी होते, त्यामुळे शहराच्या शांततेला धोका आहे, तरी शेखांनी दूर जावे. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे बदलीचा हुकूम वाचण्याची थोडी सवय आहे. कागदावर जे कारण लिहिलेले असते ते खोटे नसते, पण खरे कारण कागदावर नसते. सुलतानाचा हुकूमही तसाच. नव्वदी ओलांडलेले शेख निमूटपणे उठले आणि शहराबाहेर गेले. ते जिथे जाऊन राहिले तिथेच आज दर्गा आहे. झैनुद्दीन यांच्यासारखी त्यांनी काठी रोवली नाही, पण परिणाम तोच झाला. लोक किल्ल्याजवळची जागा सोडून त्यांच्यामागे गेले.

त्याआधीच, १४०९ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा, त्यांच्या शिकवणुकीची टिपणे करणारा विद्वान सय्यद अकबर हुसैनी, त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. म्हातारपणी पुत्रशोक आणि वर राजाचा रोष, असे ते दिवस.

फिरोजशहाचेही दिवस फिरले. विजयनगरशी त्याच्या लढाया पूर्वीपासून चालू होत्या आणि एकदा तर त्याने तिथली राजकन्या लग्न करून आणली होती. पण पानगलच्या किल्ल्याला घातलेला वेढा लांबला, छावणीत रोगराई पसरली आणि १४२० मध्ये त्याचा मोठा पराभव झाला. सुलतान खचला. कारभार होशियार आणि बेदार नावाच्या दोन गुलाम सरदारांच्या हाती गेला. अहमदखान जिवंत आहे तोवर हसनखानाला गादी मिळणार नाही, हे दोघांनी ओळखले आणि त्याचे डोळे काढण्याचा बेत सुलतानाच्या गळी उतरवला.

अहमदखानाला सुगावा लागला. पळण्याआधी तो आपल्या मुलाला घेऊन शेखांकडे गेला. पुढची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. शेखांनी आपले पागोटे काढले, फाडून त्याचे दोन तुकडे केले, एक बापाच्या आणि एक मुलाच्या डोक्याला बांधला आणि दोघेही राजे होतील असा आशीर्वाद दिला. शंभरी ओलांडलेला म्हातारा आणि जिवाच्या भीतीने आलेले बाप-लेक, असे ते चित्र. सोने नाही, रत्ने नाहीत, जुन्या कापडाचे दोन तुकडे.

त्या रात्री अहमदखान निसटला. खलफ हसन नावाचा बसऱ्याचा व्यापारी त्याच्यासोबत होता. माणसे थोडी, मागे सुलतानाची फौज. तेव्हा या व्यापाऱ्याने युक्ती केली. धान्य वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यातले बैल मिळवले, शिंगांना निशाणे बांधली आणि दुरून पाहणाऱ्याला मोठे घोडदळ चालून येत आहे असे वाटेल अशी मांडणी केली. समोरची फौज बिथरली. आजारी फिरोजशहा पालखीत बसून स्वतः लढायला आला, पण वाटेत त्याला घेरी आली. सुलतान गेला अशी अफवा उठली आणि सैन्य अहमदखानाकडे वळले. फिरोजशहाने अखेर भावाला किल्ल्यात बोलावले, तख्त त्याच्या हवाली केले आणि मुलालाही त्याच्या पदरात घातले. २२ सप्टेंबर १४२२ रोजी अहमदशहा गादीवर आला. फिरोजशहा त्यानंतर काही दिवसांतच वारला. हसनखानाला जीवदान मिळाले आणि राहायला फिरोजाबाद मिळाले.

शेखांची भविष्यवाणी खरी ठरली. पण ती फळाला आलेली फार काळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अहमदशहा गादीवर बसल्यापासून सुमारे चाळीस दिवसांनी, १ नोव्हेंबर १४२२ रोजी, ख्वाजा बंदेनवाजांनी देह ठेवला. त्यांच्या मागे धाकटे चिरंजीव सय्यद असगर हुसैनी गादीवर बसले. अहमदशहाने घराण्याला गावे इनाम दिली, भव्य दर्गा उभा राहिला. राजाची जहागीर घ्यायची नाही हा चिश्तींचा जुना नेम इथे सुटला. हेही विसरता कामा नये.

आणि आता या कथेतला खरा धडा. ज्या अहमदशहाला बंदेनवाजांच्या पागोट्याने राजा केले, तो गुलबर्ग्यात राहिला नाही. काही वर्षांतच त्याने राजधानी बिदरला नेली. एवढेच नव्हे, तर त्याने दूर इराणात किरमान प्रांतात राहणाऱ्या शाह निमतुल्ला या सूफींकडे माणसे आणि नजराणे पाठवले. त्यांनी आशीर्वाद म्हणून बारा टोकांची हिरवी टोपी धाडली. पुढे त्यांचे नातू नूरुल्ला बिदरला आले तेव्हा सुलतानाने त्यांना आपली मुलगी दिली आणि दरबारात त्यांची बैठक बंदेनवाजांच्या वंशजांच्याही वर ठरवली. बिदरहून अष्टूरला जाताना जी सुंदर, छप्पर नसलेली चौखंडी लागते, ती याच निमतुल्ला घराण्यातल्या खलीलुल्ला यांची.

अहमदशहा कृतघ्न होता का? आम्हाला तसे वाटत नाही. तो राजा होता. ज्याच्या आशीर्वादाने आपण गादीवर आलो त्याच्या घराण्याच्या शेजारी रोज राहणे कोणत्याही राजाला जड जाते. आज त्यांनी आपल्याला बसवले, उद्या दुसऱ्याला बसवतील, ही शंका मनात राहते. फिरोजशहाने फकिराला किल्ल्यापासून दूर केले. अहमदशहाने किल्लाच फकिरापासून दूर नेला. पद्धत वेगळी, कारण बरेचसे एकच.

ही पागोट्याची कथा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः फरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथातून. तो विजापूरच्या आदिलशाहीत, सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर लिहीत होता. जिंकलेल्याच्या बाजूने भविष्यवाणीच्या कथा वाढत जातात, हेही खरे. हसनखान गादीवर आला असता तर कदाचित दुसऱ्याच एखाद्या पीराचे पागोटे आज प्रसिद्ध असते. पण लोकांनी ही कथा धरून ठेवली, यावरून एवढे नक्की दिसते, की फकिराच्या संमतीशिवाय तख्ताला पूर्णपणा येत नाही, असे आपल्या पूर्वजांना मनापासून वाटे. आपल्या गुरुचरित्रातही बिदरचा यवन राजा मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन गाणगापूरला श्रीगुरूंच्या पायाशी येतो. ती कथा याच मुलखातली आणि याच बहमनी काळातली. घरोघरी पारायण करताना आपण ती वाचतो. राजा कितीही मोठा असो, त्याला कोणाच्या तरी दारात जावे लागते, ही त्या काळची समजूत दोन्हीकडे एकच दिसते.

कथेचा शेवट आमच्या अगदी जवळचा आहे. अहमदशहाच्या राज्यात आरंभी मोठा दुष्काळ पडला. सुलतान स्वतः टेकडीवर जाऊन प्रार्थनेला बसला आणि पाऊस आला, असे सांगतात. लोक त्याला वली, म्हणजे संत, म्हणू लागले. संतामुळे राजा झालेला माणूस अखेर स्वतःच संत ठरला. अष्टूरला त्याची समाधी आहे. तिथला उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो आणि त्या उरुसाचा मान आहे तो आमच्या आळंद तालुक्यातल्या माडियाळच्या जंगमाला. शंख वाजवत, भक्तांना घेऊन, जंगम बिदरला जातात आणि सुलतानाच्या कबरीवर फुले वाहतात. तिथे जमणाऱ्या लिंगायत भक्तांच्या मनात अहमदशहा म्हणजे अल्लमप्रभूंचा अवतार. कोणाच्या पागोट्याने कोण राजा झाला, कोणी कोणाला दूर केले, हे सारे मागे पडले. उरली ती चालत जाणारी माणसे.

या भागातल्या मराठी कुटुंबांनी किती राज्ये पाहिली! आमच्या आजोबांनी निजामाचे राज्य पाहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते गेले आणि भारतातले हैदराबाद राज्य आले. १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्या राज्याचे कर्नाटक झाले. वडिलांची शाळा एका राज्यात सुरू झाली आणि आमची दुसऱ्याच नावाच्या राज्यात, घर मात्र तेच, उंबरा तोच. त्या घराने गणपती बसवणे सोडले नाही आणि बंदेनवाजांची चादरही सोडली नाही.

गणेशोत्सवाच्या मंडपातही दरवर्षी मोठी माणसे येतात. आरतीचे ताट त्यांच्या हाती दिले जाते, शाल-नारळ होतो, फोटो निघतो. त्यात गैर काही नाही. आलेल्या पाहुण्याचा मान ठेवणे ही आपली रीत आहे. पण मंडपाने किल्ल्याच्या किती जवळ असावे, याचा विचार मंडळाच्या कार्यकर्त्यांनी अधूनमधून करावा असे आम्हाला वाटते. बंदेनवाज किल्ल्याजवळ होते तोवर ते वारसाच्या भांडणात सापडले. शहराबाहेर गेले आणि सहाशे वर्षे लोकांच्या मनात राहिले. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात आज सुलतान नाही. दर्ग्यात मात्र आज सकाळीही कोणी आई आपल्या तापलेल्या पोराला घेऊन उभी असेल.